घरचा तुकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं एकदाचं. आमचं 'जुळवाजुळव मंडळ' पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटणार. १६ मार्च, रविवार. जागा, शहराबाहेरचं मनोरंजन उद्यान.

सहा वर्षं आम्ही मोबाइलवर एकमेकांना जिगसॉ पझलचे फोटो पाठवतोय. एकमेकांची टेबलं ओळखतो, टेबलांवरच्या चादरी ओळखतो, त्यांवर चढून बसणारी मांजरंसुद्धा ओळखतो. माणसं मात्र रस्त्यात समोर आली तरी ओळखणार नाही. उद्यानाची कल्पना माझीच. नुसता हॉल घेतला असता तर आम्ही वेडेच तेवढे जमलो असतो आणि घरचे म्हणाले असते, गेली ब्याद दिवसभर. पाळणे, घसरगुंड्या असल्या की मुलं हट्ट धरतात आणि मुलांमागून बाकीचं घर येतं. म्हणून नियम एकच केलाय. प्रत्येकानं घरचं निदान एक माणूस आणायचं, आणि ते पझल न लावणारं हवं.

ही वही त्यासाठीच काढली. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला संमेलन भरवायची हौस आली तर काय करावं आणि काय करू नये हे आयतं मिळेल. माझ्या हातून चुका फारशा होत नाहीत, पण इतरांच्या होतात, आणि त्या वेळच्या वेळी टिपलेल्या बऱ्या. सव्वीस वर्षं कवळ्या बनवतेय. कुठला दात केसभर उंच झालाय हे साचा हातात घेताच मला कळतं. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. हल्ली ओळीखाली बोट ठेवून वाचायची नवीनच सवय लागली आहे, पहिलीतल्या मुलासारखी.

"गर्दी असेल ना गं तिथं?"

"उद्यानात रविवारी गर्दी नसेल तर काय शोकसभा असेल?"

"मग तू जाऊन ये. मी घर सांभाळतो."

घर काय पळून जाणार आहे? मंडळाची प्रमुख मी, नियम माझा, आणि माझ्याच घरचं माणूस गैरहजर. वीस कुटुंबांसमोर माझं हसं होईल. यांना तिथं न्यायचंच. दीड महिना हातात आहे, आणि याहून हट्टी जबडे मी वळणावर आणलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

संमेलनात करायचं काय, तेही ठरलं. एका छापखान्याकडून सहा हजार तुकड्यांचं पझल कापून घेतलं आहे. चित्र आहे एका मोठ्या इमारतीचं. असंख्य खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी. चित्राचे वीस भाग, वीस पिशव्या. एकेक भाग एकेका घरी जाणार, तिथं फळीवर लावून तयार होणार, आणि त्या दिवशी वीस फळ्या शेजारी शेजारी ठेवून अख्खी इमारत उभी राहणार.

यात एक अडचण आहे आणि ती मीच करून ठेवलेली आहे. आमच्या मंडळात 'घरचा तुकडा' म्हणून एक पद्धत आहे. पझल सुरू करतानाच एक तुकडा बाजूला लपवायचा. सगळं लावून झालं की एक भोक उरतं. मग घरातल्या पझल न लावणाऱ्या माणसाला बोलावून तो तुकडा त्याच्या हातानं बसवायचा. महिनाभर जेवणाचं टेबल अडवल्याबद्दल घरच्यांची माफी मागण्याचा हा आमचा प्रकार. मी तो यांच्यासाठी काढला होता. सहा वर्षांत आमच्या घरातलं एकही पझल यांच्या बोटाशिवाय पुरं झालेलं नाही.

पण संमेलनात ते चालणार नाही. वीस भोकांची इमारत म्हणजे दात पडलेलं तोंड, आणि फोटो तर जन्मभर राहतो. म्हणून मंडळावर ठळक सूचना टाकली: या वेळी कुणीही तुकडा राखायचा नाही. फळी पूर्ण भरूनच आणायची.

एकोणीस जणांनी अंगठा दाखवून मान्य केलं. शिस्त म्हणजे काय ते माझ्याकडून शिकावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्यान बघून आले. एकटी, बसनं, दोनदा बस बदलून.

इथं थोडं मनातलं लिहिते. माझा नवरा एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. अर्ध्या गावाचा क्लच यांच्या धाकात असायचा. आणि गेल्या वर्षी एका सकाळी उठून चांगली चालती शाळा भाच्याच्या हवाली केली. का, तर म्हणे कंटाळा आला. शाळेबरोबर आमची गाडीही दिली. तेव्हापासून मी बसच्या रांगेत. मी पंधरा दिवस अबोला धरला होता, पण यांना शांतता आवडते हे माझ्या लक्षात आल्यावर तो सोडला.

माणूस निवृत्त झाला की ढिला पडतो, हे मी ऐकलं होतं, आता बघते आहे. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. परवा टीपॉयवरचा कप हात लागून उडाला. "दिसत नाही का?" म्हटलं तर म्हणाले, "लक्ष नव्हतं." लक्ष असतं कुठं, हाच प्रश्न आहे.

उद्यान मात्र झकास. जेवणाचा हॉल दुपारी दोनपर्यंत आपला. दहा लांब टेबलं, उजेड भरपूर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पिशव्या घरोघरी पोचल्या. आम्हाला तेरावी आली. आभाळवाल्यांना, म्हणजे मंडळातले जे गृहस्थ फक्त आभाळच लावतात त्यांना, नेमकी गच्चीची आली आणि ते खूश झाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर बंद खोक्यात वर-खाली करणाऱ्या माणसाला आभाळाची ओढ असणारच.

फ्रिजच्या दारात, माझ्या लोण्याच्या डब्यामागं एक इवलीशी बाटली सापडली. यांना विचारलं.

"सर्दीचे थेंब."

"फ्रिजमध्ये?"

"गार लागतात नाकाला."

सर्दी झालेल्या माणसाचं नाक इतकं कोरडं मी तरी पाहिलेलं नाही. औषधाच्या दुकानवाल्यानं काहीतरी गळ्यात मारलेलं असणार. बाटली होती तिथं ठेवली.

२ मार्च, रविवार

तेरावी फळी अर्धी झाली. आज हे आपण होऊन टेबलाशी येऊन बसले. मला बरं वाटलं, पण बोलले नाही, नाहीतर उठून गेले असते.

काम काय केलं? तुकडे सुलटे करायचं. ते झाल्यावर एकेक तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. "याला दोन कान, एक खोबण, आणि एक कान जरा वाकडा," असं म्हणायचे आणि माझ्यापुढं सरकवायचे. मी म्हटलं, "अहो, रंग बघा रंग. चित्र समोर आहे की." तर म्हणाले, "मला असंच जमतं." हट्ट बघा. पण खोटं कशाला लिहू, अशा रीतीनं त्यांनी अकरा तुकडे बरोबर दिले. माझे त्या वेळात नऊ झाले होते.

त्याच बैठकीत मी विषय काढला. "येणार ना सोळाला?"

बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "येतो. पण तू माझ्या डाव्या बाजूनं चाल."

हे एक नवीनच खूळ. गेले काही महिने रस्त्यात मला सारखं डावीकडं यायला लावतात. आता माझा पर्सचा खांदा उजवा. मी यांच्या डावीकडून चालले की पर्स आमच्या दोघांच्या मध्ये येते आणि पावलोपावली आपटते. इतक्या वर्षांची सवय कशी मोडायची? मी "बघू" म्हटलं. येतो म्हणाले हे महत्त्वाचं. जिंकले.

८ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. तिला नोकरीतून सुट्टी नाही, येणार नाही. तयारीचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, बाबांना तिथं गर्दीत एकटं सोडू नकोस हं."

"ते काय कुकुलं बाळ आहेत?"

"तसं नाही. पण सोडू नकोस."

"काही बोललेत का ते तुझ्याशी?"

"त्यांनाच विचार ना, आई."

विचारलं. म्हणाले, "तिला उगाच काळजी." बाप-लेकीचं हे नेहमीचंच, लहानपणी दोघं मिळून माझ्यापासून गुणपत्रिका लपवायचे.

आज मला जरा धाकधूक वाटते आहे. सहा वर्षं पडद्यावर जमलं ते समोरासमोर जमेलच असं नाही. लोक आलेच नाहीत तर? आले आणि एकमेकांना आवडलो नाही तर? लिहून टाकलं, आता डोक्यातून गेलं.

१२ मार्च, बुधवार

फळी पूर्ण. म्हणजे एक तुकडा सोडून.

कबूल करते. शेवटचा तुकडा हातात घेतला, खिडकीतल्या माणसाच्या खांद्याचा होता. फळीवर टेकवणार होते, पण बोटं उघडेनात. सहा वर्षं हा तुकडा यांचा आहे. नियम इतरांसाठी आवश्यकच होता, पण एका भोकानं सहा हजारांत काय बिघडतं? त्या दिवशी वीस फळ्या जुळल्या की सगळ्यांसमोर यांना बोलावीन आणि हा तुकडा यांच्या हातानं बसवीन. अख्ख्या इमारतीचा शेवटचा तुकडा. पाहुण्यासारखे कोपऱ्यात उभे राहायचे ते मधोमध येतील.

तुकडा माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. कुणाला बोलायचं नाही.

१५ मार्च, शनिवार

सगळी तयारी झाली. सकाळी हे उद्यानाचा नकाशा टेबलावर पसरून त्यावर बोट फिरवत होते, दार कुठं, हॉल कुठं, पायऱ्या किती. म्हटलं, "पाठ करताय की काय?" तर म्हणाले, "हो."

१७ मार्च, सोमवार, लॅबमध्ये

काल घरी आल्यावर अंग टाकलं ते आज सकाळीच उठले. आत्ता दोन साचे ओतलेत, प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागेल. तेवढ्यात सगळं लिहून काढते.

साडेनऊला दारापाशी उभी राहिले. पावणेदहा झाले तरी कुणी नाही. मग दिसली एक फळी, वर जांभळ्या फुलांची चादर. ती चादर मी सहा वर्षं फोटोत बघते आहे. "हरवले-सापडले!" मी तिच्या मंडळावरच्या टोपणनावानं ओरडले, आणि चादरीमागची बाई, ग्रंथालयात काम करणारी आमची सगळ्यात जुनी सभासद, फळीसकट माझ्याकडं धावली. मग एकामागून एक चादरी येत गेल्या. चौकटीची, पट्ट्यापट्ट्यांची, कोपऱ्यात इस्त्रीनं जळलेली. माणूस एकही ओळखता आला नाही, चादर एकही चुकली नाही. वीसच्या वीस कुटुंबं आली. आभाळवाले बायको, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात घेऊन आले. त्यांचे पुढचे दोन दात खोटे आहेत, काम चांगलं आहे, माझं नाही.

आमची फळी मी दाराजवळच्या सामानघरात ठेवून दिली होती, कारण माझे हात मोकळे हवेत. अर्धा तास सगळ्यांना पाळण्यांवर सोडलं. मोठ्या चक्रात मी यांना माझ्याबरोबर बसवलं. वर गेल्यावर म्हटलं, "ते बघा डावीकडं, आपल्या हॉलचं छप्पर." "छान आहे," हे म्हणाले, समोरच बघत. म्हटलं ना, लक्षच नसतं.

मग हॉलमध्ये जुळणी सुरू झाली आणि मी सगळ्यांच्या मध्ये अडकले. इकडची फळी उचला, तिकडची सरकवा, मुलांनो टेबलावर कोपर टेकू नका. एकोणीस फळ्या बसायला आल्या, तेव्हा आमची सामानघरातच राहिल्याचं आठवलं. यांना म्हटलं, "जरा आपली फळी घेऊन या ना."

यांनी दाराकडं बघितलं. "मी?"

"सरळ रस्ता आहे. दोनशे पावलं. पाठ केलाय ना?"

"हो," म्हणाले आणि गेले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मधोमध तेराव्या फळीची जागा रिकामी, चाळीस-पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघताहेत, मुलं भुकेली. मी तरातरा निघाले. आभाळवाल्यांची नात मागोमाग आली.

हे गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभे होते. दोन्ही हातांत फळी, आडवी, छातीशी. समोरून, दोन्ही बाजूंनी पोरांचा लोंढा धावत होता. कपाळावर घाम, आणि फळीवरची चादर मात्र सुरकुतलेलीसुद्धा नव्हती.

"अहो, काय करताय इथं?"

"गर्दी ओसरू दे म्हटलं."

"ही संध्याकाळी ओसरेल. सगळे खोळंबलेत तिकडं. एक काम सांगितलं होतं, एक. लहान मुलाला सांगितलं असतं तरी झालं असतं."

माझा आवाज चढला होता. घोड्यांच्या रांगेतले लोक वळून बघत होते. मी तशीच पुढं निघाले. मागून त्या मुलीचा आवाज आला. "आजोबा, मी हे टोक धरते. आता पायरी आहे. आता नाही." मला वाटलं, खेळ चाललाय.

हॉलमध्ये आमची फळी जागेवर बसली. मी मोठ्या दिमाखात सगळ्या चादरी ओढून काढायला सांगितलं. इमारत उभी राहिली आणि तिच्यात वीस भोकं होती.

मी एकेकाकडं बघितलं. हरवले-सापडले बाईंनी हळूच ब्लाउजमध्ये खोचलेला रुमाल काढला, त्यात तुकडा. आभाळवाल्यांनी चष्म्याच्या डबीतून काढला, आभाळाचा. कुणाच्या मोज्यात, कुणाच्या मोबाइलच्या पाठीमागं. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे एकोणीस नियम पाळतील, आपल्या एकट्याचं खपून जाईल.

"बाई रागावतील म्हणून आम्ही सांगितलं नाही," आभाळवाले म्हणाले.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तेराव्या फळीतही भोक होतं. मी पर्स उघडली. इतकं हसले लोक की बाहेरून जाणारे दारातून डोकावायला लागले. दात पडलेलं तोंड म्हणाले होते मी. पण खरं सांगते, त्या वीस भोकांसकट ती इमारत मला फार आवडली.

एकेका घरचं माणूस पुढं आलं. कंटाळलेले नवरे, सुना, एक सासू, एक भाऊ. ज्यांनी महिनाभर टेबल अडल्याची कुरकुर केली होती ते सगळे आपापला तुकडा बसवून छाती फुगवून मागं जात होते. शेवटी हे आले. मी तुकडा तळहातावर ठेवला. यांनी डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट भोकाच्या कडेनं एकदा फिरवलं, उजव्या अंगठ्यानं तुकडा एकदा चाचपला, अर्धा वळवला आणि बसवला. एका फटक्यात.

टाळ्या पडल्या. ती मुलगी म्हणाली, "आजोबांनी न बघता लावला!"

हे हसून तिला म्हणाले, "बघून लावायला वेळ लागतो."

मलाही हसू आलं. म्हटलं, आज स्वारी रंगात आहे, मिरवून घेतेय. संमेलन शंभर टक्के यशस्वी. पुढच्या वेळच्या मंडळींसाठी सूचना

बघून लावायला वेळ लागतो.

हे वाक्य लिहिलं, पुढं दोन ओळी गेले, आणि हात थांबला. बघून वेळ का लागावा? 

वही पहिल्या पानापासून वाचून काढली. ओळीखाली बोट. चौकट. कप. फ्रिजमधली बाटली. दोन कान, एक खोबण. डावीकडं चाल. गर्दीत एकटं सोडू नकोस. पाठ करताय की काय, हो. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार, एकही गोष्ट सुटलेली नाही. इतरांच्या चुका टिपायला वही काढली होती.

प्लास्टर केव्हाच घट्ट झालं. मी घरी जाते.

१७ मार्च, दुपारी

हे टेबलाशी नवीन पझलचे तुकडे सुलटे करत होते. मी फ्रिज उघडला आणि ती बाटली यांच्यासमोर ठेवली.

"हे नाकात घालतात?"

बोटांनी बाटली ओळखली. "नाही."

"कशासाठी आहे?"

"काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा जास्त."

"कधीपासून?"

"कळून चौदा महिने झाले."

मी खुर्ची ओढून बसले. मग हे बोलले. एका दमात इतकं यांना बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. समोरचं दिसतं, अगदी नीट. पण बाजूचं गेलंय, नळीतून बघावं तसं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीला शिकवत असताना डावीकडून एक सायकल आली. "ब्रेक तिनं दाबला," हे म्हणाले. "माझ्याही पायाशी ब्रेक असतो. मी दाबला नाही, कारण मला सायकल दिसलीच नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा शिकणाऱ्यानं माझ्याआधी बघितलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्या भाच्याला दिल्या."

आणि मी पंधरा दिवस अबोला धरला होता.

"पोरीला माहीत आहे?"

"डॉक्टरकडं तीच घेऊन गेली होती."

मला राग आला. आधी त्या दोघांचा, मग एकदम आणि पुष्कळ माझा. म्हटलं, "मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तक्ता केला असतास," हे म्हणाले. "आणि माझ्यावर ओरडणं बंद केलं असतंस. वेंधळ्यावर तू ओरडतेस, आजाऱ्यावर नाही. घर कसं शांत झालं असतं. मला थोडे दिवस वेंधळाच राहायचं होतं गं."

"काल मी त्या सगळ्या लोकांसमोर..."

"काल ओरडलीस ते बरंच झालं. तुझ्या आवाजावरून तू कुठल्या बाजूला आहेस ते कळलं."

मी रडले. तोंड लपवायचा प्रश्न नव्हता, समोरच बसले होते आणि समोरचं यांना नीट दिसतं. बराच वेळ रडल्यावर उठले आणि थेंबांचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला. हे नुसतं "बघ" म्हणाले.

मग मी ओरडले. डावीकडं ठेवलेला चहा निवत चालला होता आणि यांना पत्ता नव्हता. ओरडले आणि कप उचलून समोर ठेवला.

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरकडं जाऊन आलो, या वेळी बरोबर मी. माझे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते, सतरा. डॉक्टर चौथ्यालाच दमले. सार एवढंच की गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब वेळेवर पडले आणि तपासणी चुकली नाही तर आहे ती टिकवता येते. टिकवू. वेळेवर घालायला मी आहे.

मंडळावर संमेलनाचे फोटो फिरताहेत. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच, असा ठराव झाला. आभाळवाल्यांची नात म्हणे घरी डोळे मिटून पझल लावते आणि रडकुंडीला येते. तिला यांनी फोनवर अर्धा तास धडे दिले. शिकवणं सुटलेलं नाही, वाहन बदललं एवढंच.

ठरल्याप्रमाणे पुढच्या वेळच्या मंडळींसाठी सूचना लिहिते. हॉल तोच घ्यावा. मुलांना आधी खाऊ घालावं, मग जुळणी. चादरी आणाव्यातच. घरचा तुकडा राखू नका असा नियम करू नये, आणि केलाच तर मोडला जाईल अशी तयारी ठेवावी. चुका या सदरात एकच नोंद आहे, ती माझी, आणि ती मागच्या पानांवर सविस्तर आहे.

डॉक्टरकडून येताना चालतच आलो. रस्त्याला शनिवारची वर्दळ होती. यांनी काही म्हणायच्या आत मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि यांच्या डाव्या बाजूला गेले. कोपऱ्यावर एक सायकल आली, मी कोपरानं जरा दाबलं, हे थांबले, ती गेली, आम्ही पुढं निघालो. बोलणं काही थांबलं नाही. हे मला कान आणि खोबण यांतला फरक समजावत होते आणि मी चुकताय म्हणून सांगत होते.

पर्स डाव्या खांद्यावरून सारखी घसरते. होईल सवय.